भंडाऱ्याच्या पत्त्यावरचा तिबेट

गोठणगावचा तिबेटी कॅम्प १ मे १९९९ पासून गोंदिया जिल्ह्यात आहे. त्या दिवशी भंडारा जिल्ह्याचे दोन तुकडे झाले आणि अर्जुनी मोरगाव तालुका तिकडे गेला. धरमशालेच्या तिबेटी प्रशासनाच्या यादीत मात्र या वसाहतीपुढे अजूनही ‘भंडारा’ असेच लिहिलेले असते. जिल्ह्याची वाटणी आपण केली, त्यांनी ती मनावर घेतली नाही. मला याचे फार अप्रूप वाटते. ज्यांच्या देशाचे नाव नकाशावरून पुसले गेले, त्यांनी आमच्या जिल्ह्याचे जुने नाव सांभाळून ठेवले आहे.

भंडाऱ्याहून लाखनी, मग साकोली. साकोलीला महामार्ग सोडून उजवीकडे वळायचे. नवेगावबांधचे जंगल सुरू होते, अर्जुनी मोरगाव लागते आणि त्याच्याही पुढे, इटियाडोह धरणाच्या बाजूला, गोठणगाव. जवळच प्रतापगड. महाशिवरात्रीला तिथल्या महादेवाला सगळी झाडीपट्टी लोटते आणि त्याच ठिकाणच्या दर्ग्यालाही डोके टेकवून परतते. या मुलखात धानाच्या बांध्या संपता संपता एकदम रंगीत पताकांच्या माळा दिसू लागतात. निळी, पांढरी, लाल, हिरवी, पिवळी, याच क्रमाने. त्यांवर मंत्र छापलेले असतात. वारा लागला की मंत्र चहूकडे जातो, अशी श्रद्धा. तिबेटी भाषेत त्यांना लुंगता म्हणतात, वाऱ्याचा घोडा.

वसाहतीचे खरे नाव नोरग्येलिंग. संपत्ती वाढत जाते अशी जागा, असा त्याचा ढोबळ अर्थ. पंचक्रोशीत कुणी ते नाव घेत नाही, सगळे ‘कॅम्प’च म्हणतात. १९७२ साली ही वसाहत उभी राहिली. महाराष्ट्रात तिबेटी निर्वासितांची शेतीवर बसवलेली वसाहत ही एवढीच. १९५९ मध्ये दलाई लामांच्या मागोमाग हजारो माणसे हिमालय उतरून आली, तेव्हा त्यांतल्या कितीतरी जणांना पहिले काम मिळाले ते डोंगरातले रस्ते फोडण्याचे. मग नेहरूंनी राज्यांना पत्रे लिहून जमिनी मागितल्या. कर्नाटकात बैलकुप्पे झाले, मुंडगोड झाले, आजच्या छत्तीसगडात मैनपाट झाले, ओडिशात चंद्रगिरी झाले. आमच्या वाट्याला नोरग्येलिंग आले. बर्फाच्या प्रदेशातली माणसे जिथे वैशाखात पारा पंचेचाळिसाला टेकतो तिथे आली, जंगल साफ करून बांध्या घातल्या आणि रोवणी शिकली. याक आणि जव यांच्यावर वाढलेल्या माणसाने गुडघाभर चिखलात वाकून धानाचे परे लावणे म्हणजे काय, हे ज्याने एक पावसाळा रोवणी केली आहे त्यालाच कळेल.

कॅम्पवर मी पहिल्यांदा गेलो तो कॅमेरा घेऊनच. वयस्क माणसे, सुरकुतलेले चेहरे, हातात फिरणारे माने म्हणजे प्रार्थनाचक्र, पाठीमागे पताका: असे फोटो मनात आधीच काढून ठेवले होते. एका घरात आजी होत्या. तिबेटीत आजीला मोला म्हणतात. त्यांनी लोणी आणि मीठ घातलेला चहा दिला. घरातल्या उंच फळीवर पाण्याच्या सात वाट्या एका ओळीत मांडलेल्या होत्या, दोन वाट्यांमध्ये जवाच्या दाण्याएवढे अंतर. वर दलाई लामांचा फोटो, चौकटीला पांढरी खाता, म्हणजे मानाचे वस्त्र, गुंडाळलेली. चौकटीच्या काचेला उदबत्तीच्या धुराने पिवळी झाक आलेली. मी मोलांचा फोटो घेऊ का म्हणून विचारले. त्यांनी हसून मान हलवली, नको. नातवाने समजावून सांगितले की आजीच्या बहिणीची मुले अजून तिकडे आहेत. ‘तुम्ही छापाल, कुणी बघेल, त्यांना बोलावून घेतील.’ मग मोलांनी स्वतःच सुचवले, हातांचा काढ. मी वाट्या पुसणाऱ्या हातांचा फोटो काढला. तो माझ्याकडचा सर्वांत चांगला फोटो आहे, आणि त्या नकारातून मी जे शिकलो त्यावरच हा लेख उभा आहे.

कारण फळीवरचा तो फोटो, जो आमच्या जिल्ह्यात उघड लावता येतो, तोच तिबेटात घरात सापडला तर गुन्हा ठरतो. १९९० च्या दशकाच्या मध्यापासून दलाई लामांच्या छायाचित्रावर तिथे बंदी आहे. मठांतून ती उतरवली गेली, घरांतून जप्त झाली. आता फोनमध्ये ठेवलेल्या फोटोंपायीही माणसे पकडली जातात. कागदाच्या एका तुकड्याला राज्यसत्ता एवढी भिते, तेव्हा त्या कागदाची ताकद आपण ओळखायला हवी.

याच्या उलट बाजूचा एक फोटो आहे. लाल गाल, मोठे डोळे, पाच-सहा वर्षांचा मुलगा. गेंदुन चोक्यी न्यिमा. १४ मे १९९५ रोजी दलाई लामांनी त्याला, त्यांच्याखालोखाल मान असलेल्या पंचेन लामांचा अवतार म्हणून घोषित केले. तीन दिवसांनी, १७ मे रोजी, चिनी अधिकाऱ्यांनी त्याला आईवडिलांसह उचलले. तो सहा वर्षांचा होता. आज तो पस्तिशी ओलांडलेला आहे. २०२० मध्ये चीनच्या परराष्ट्र खात्याने तो शिकला आहे, नोकरी करतो, असे सांगितले. पण त्याला कुणी पाहिलेले नाही. जगाकडे त्याचा तो एकच फोटो आहे. तीस वर्षे मोर्चांत, पोस्टरवर, मठांच्या भिंतींवर तेच सहा वर्षांचे मूल. दर वर्षी १७ मेला मी तो फोटो पाहतो आणि माझ्या घरातल्या मुलांच्या फोटोंनी भरलेल्या डब्याकडे पाहवत नाही.

तिबेटात कॅमेऱ्याने जे काम केले आहे त्यातली एक कथा मला सगळ्यांत मोठी वाटते. त्सेरिंग वोएसर या तिबेटी कवयित्रीचे वडील चिनी सैन्यात अधिकारी होते आणि त्यांना छायाचित्रणाचा नाद होता. सांस्कृतिक क्रांतीच्या काळात, १९६६ पासून, त्यांनी ल्हासात फोटो काढले: जोखांग मंदिराची नासधूस, भर चौकात मान खाली घालून उभे केलेले लामा आणि सरदार, डोक्यावर चढवलेल्या कागदी टोप्या, भोवती ओरडणारी गर्दी. त्यांनी ते का काढले, अभिमानाने की आतून हादरून, हे ते सांगून गेले नाहीत. १९९१ मध्ये ते वारले. मुलीच्या हाती निगेटिव्ह आल्या. वोएसर यांनी नुसते फोटो छापले नाहीत. त्या ते फोटो घेऊन ल्हासातल्या म्हाताऱ्या माणसांकडे गेल्या. हा कोण, ही कोण, हे घर कुणाचे, त्या दिवशी तुम्ही कुठे होता, असे विचारत सत्तराहून अधिक माणसांशी बोलल्या. फोटोत ज्यांच्यावर हात उगारला होता तेही त्यांत होते आणि ज्यांनी हात उगारला होता तेही होते. यातून झालेले पुस्तक २००६ मध्ये तैवानात छापले गेले, कारण चीनमध्ये ते छापणे अशक्यच होते. पुढे काही वर्षांनी वोएसर वडिलांचाच जुना त्साइस कॅमेरा घेऊन पुन्हा त्याच जागांवर उभ्या राहिल्या आणि आजचे ल्हासा टिपले. जिथे तेव्हा गर्दी ओरडत होती तिथे आता पर्यटक आणि शस्त्रधारी शिपाई.

छायाचित्र आणि लेखन एकमेकांना कसे धरून उभे राहतात, याचा याहून चांगला धडा मला माहीत नाही. फोटोला नाव लागते, गाव लागते, तारीख लागते, बोलणारे माणूस लागते. मजकूर नसलेला फोटो फार लवकर शोभेची वस्तू होतो. तिबेटच्या बाबतीत तर फारच. माने फिरवणारी आजी, गेरूच्या रंगाच्या वस्त्रांतले छोटे भिक्खू, बर्फाचे डोंगर: दिवाणखान्यात टांगायला हे सुंदर आहे, पण त्यातून कुणाचा कसला हक्क हिरावला गेला हे कळत नाही. त्या आजीला आपल्या बहिणीला फोनही करता येत नाही, ही ओळ त्या फोटोखाली हवी.

आणि कॅमेरा कधी कधी सरळ साक्षीदार होतो. ३० सप्टेंबर २००६. नेपाळच्या सीमेवरची नांगपा ला खिंड. बर्फातून एका ओळीत चालत निघालेल्या तिबेटींवर चिनी सीमा सैनिकांनी गोळ्या झाडल्या. केलसांग नामत्सो ही सतरा वर्षांची भिक्खुणी तिथेच गेली. सरकारी वृत्तसंस्थेने सांगितले की सैनिकांवर हल्ला झाला म्हणून त्यांनी स्वसंरक्षणार्थ गोळीबार केला. पण बाजूच्या चो ओयू शिखरावर चढाईसाठी आलेल्या गिर्यारोहकांच्या तळावर सर्जिऊ माते नावाचा रोमानियन कॅमेरामन होता. त्याच्या चित्रफितीत दिसले की ती माणसे पाठमोरी चालत होती. ती चित्रफीत नसती तर आज त्या मुलीचे नाव मी इथे लिहू शकलो नसतो.

धोंडुप वांगचेन हा शेतकऱ्याचा मुलगा. शाळेची पायरी फारशी चढलेला नाही. बीजिंग ऑलिंपिकच्या आधी, २००७-०८ च्या हिवाळ्यात, त्याने आणि गोलोग जिग्मे या भिक्खूने एक साधा कॅमेरा घेऊन तिबेटचा पूर्व भाग पालथा घातला आणि १०८ माणसांच्या मुलाखती टिपल्या. ऑलिंपिकबद्दल, दलाई लामांबद्दल, रोजच्या जगण्याबद्दल. बरेच जण चेहरा न झाकता बोलले. फिती बाहेर पोचल्या आणि मार्च २००८ मध्ये दोघे पकडले गेले. धोंडुपला सहा वर्षांची शिक्षा झाली. त्याच्या पंचवीस मिनिटांच्या त्या फिल्मचे नाव मराठीत सांगायचे तर ‘भय मागे टाकून’. ताशी वांगचुक हा दुकानदार तर फक्त एवढेच म्हणत होता की आमच्या मुलांना शाळेत तिबेटी भाषा शिकवा, चीनच्या राज्यघटनेतच ते लिहिलेले आहे. न्यूयॉर्क टाइम्सने त्याच्यावर नऊ मिनिटांची फिल्म केली. तीच फिल्म कोर्टात त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून लावली गेली आणि २०१८ मध्ये त्याला पाच वर्षांची शिक्षा झाली.

भाषेसाठी पाच वर्षे. हे वाक्य आम्ही झाडीपट्टीची माणसे जरा थांबून वाचतो. आमच्या झाडीबोलीला गावंढळ म्हणून हसणारे मास्तर आम्ही पाहिले आहेत. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी त्या बोलीसाठी आयुष्य वेचले, तिची साहित्य संमेलने उभी केली, तेव्हा कुठे आमच्या पोरांना आजीचा शब्द कागदावर लिहायचा धीर आला. पण त्यासाठी कुणाला तुरुंगात जावे लागले नाही. तिबेटात आज सुमारे दहा लाख मुले घरापासून तोडून निवासी शाळांत ठेवली आहेत आणि तिथे शिक्षण चिनी भाषेत आहे, असे संयुक्त राष्ट्रांच्या तीन विशेष तज्ज्ञांनी फेब्रुवारी २०२३ मध्ये जाहीरपणे सांगितले. मूल सुटीत घरी येते आणि आजीशी बोलू शकत नाही. कुणाच्याही घरात यापेक्षा मोठी चोरी होऊ शकत नाही.

तुरुंगात पुस्तक जन्मते हे मराठी वाचकाला नवे नाही. साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ नाशिकच्या तुरुंगात लिहिली. धुळ्याच्या तुरुंगात विनोबा गीतेवर बोलले आणि गुरुजींनी ते उतरवून घेतले. ल्हासाच्या द्रापची तुरुंगात १९९३ मध्ये चौदा भिक्खुणींनी चोरून आत आलेल्या टेपरेकॉर्डरवर स्वतः रचलेली गाणी म्हटली. ती कॅसेट बाहेर गेली आणि त्यांच्या शिक्षा वाढल्या. त्यांतल्या न्गावांग सांगद्रोलची एकूण शिक्षा वाढत वाढत तेवीस वर्षांवर गेली. पहिल्यांदा पकडली गेली तेव्हा ती तेरा वर्षांची होती. २००२ मध्ये ती सुटली.

हे सगळे दूरचे वाटत असेल, तर पुन्हा भंडाऱ्याला येतो. २९ एप्रिल १९५४ रोजी बीजिंगमध्ये भारत-चीन करार झाला. पंचशील म्हणून आपण तो ओळखतो. त्याच करारात भारताने ‘चीनचा तिबेट प्रदेश’ हे शब्द मान्य केले. आणि त्याच आठवड्यात भंडाऱ्यात लोकसभेच्या पोटनिवडणुकीची धामधूम सुरू होती, कारण उमेदवार होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. मेमध्ये मतदान झाले, बाबासाहेब हरले. दोन जागांच्या या मतदारसंघातल्या दुसऱ्या जागेवर प्रजा समाजवादी पक्षाचे अशोक मेहता निवडून आले. आमच्या जिल्ह्याच्या माथ्यावर तो पराभव कायमचा लिहिला गेला आहे आणि जुनी माणसे अजून तो विषय निघाला की गप्प होतात. त्यानंतर काही महिन्यांनी, २६ ऑगस्टला, बाबासाहेब राज्यसभेत परराष्ट्र धोरणावर बोलले. ल्हासा चीनच्या ताब्यात जाऊ देऊन आपण त्यांची सीमा आपल्या सीमेला आणून भिडवली, असे त्यांनी बजावले. पंचशील हा बुद्धाच्या धम्माचा शब्द. माओंना त्याची खरोखर चाड असती तर आपल्याच देशातल्या बौद्धांशी ते वेगळे वागले असते, असेही म्हणाले. आठ वर्षांनी युद्ध झाले. अठरा वर्षांनी, बाबासाहेबांना ज्या जिल्ह्याने परत पाठवले त्याच जिल्ह्यात तिबेटी बौद्ध माणसे राहायला आली. या गोष्टीचे मला काय करावे कळत नाही, पण ती सांगितल्याशिवाय राहवत नाही.

मुंबईतही तिबेटचा प्रश्न एका फोटोवरून पेटला होता. २० एप्रिल १९५९ रोजी समाजवादी कार्यकर्ते चिनी वकिलातीवर मोर्चा घेऊन गेले, भिंतीवर माओंचे चित्र चिकटवले आणि त्यावर टोमॅटो आणि सडकी अंडी फेकली. चीनने त्यावर औपचारिक निषेधाचा खलिता पाठवला आणि भारत सरकारला उत्तर द्यावे लागले. मला ती पद्धत आवडत नाही. पण तिबेटसाठी मराठी मुलखातली माणसे रस्त्यावर उतरली होती, हे विसरायला नको. त्याच्याही आधी, १९५६ मध्ये, मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकलेल्या होमाई व्यारावाला नथू ला खिंडीत पोचल्या होत्या. बुद्ध जयंतीच्या अडीच हजाराव्या वर्षासाठी भारतात येणारे एकवीस वर्षांचे दलाई लामा त्यांनी आपल्या कॅमेऱ्यात घेतले. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला नागपुरात दीक्षा झाली होती आणि डिसेंबरच्या सहा तारखेला बाबासाहेब गेले.

आणि तेनझिन त्सुंद्यू. भारतात निर्वासितांच्या पोटी जन्मलेला कवी. तिबेट पाहिलाच पाहिजे म्हणून १९९७ मध्ये लडाखमधून एकटा पायी सीमा ओलांडून गेला, पकडला गेला, तीन महिने तुरुंगात राहून परत आला. मग मुंबई विद्यापीठात साहित्य शिकायला लागला आणि वर्गमित्रांकडून उसने-पासने पैसे गोळा करून पहिला कवितासंग्रह छापला. २००१ मध्ये निर्वासितपणावरच्या त्याच्या निबंधाला आउटलुक-पिकाडोर पुरस्कार मिळाला. जानेवारी २००२ मध्ये चीनचे पंतप्रधान झू राँगजी मुंबईत ओबेरॉय हॉटेलात उतरले होते, तेव्हा हा कवी बाहेरच्या परांचीवरून चढत चौदाव्या मजल्यापर्यंत गेला आणि तिबेटच्या स्वातंत्र्याचा फलक सोडला. त्याचा फोटो जगभर छापला गेला. पुढे ‘कोरा’ हे त्याचे छोटे पुस्तक हातोहात विकले गेले. तो ते स्वतः पिशवीतून घेऊन हिंडतो. एकाच माणसाने निबंधही लिहावा आणि चौदा मजलेही चढावे, हे आपल्याला विचित्र वाटते. त्याला ते एकच काम वाटते, आणि मला त्याचे पटते.

आता एक चूक सांगतो, माझी. काही वर्षांपूर्वी १० डिसेंबरला, मानवी हक्क दिनी, आम्ही काही जणांनी भंडाऱ्यात छायाचित्रांचे छोटे प्रदर्शन मांडले होते. १९८९ मध्ये याच तारखेला दलाई लामांनी नोबेल शांतता पुरस्कार स्वीकारला होता, म्हणून तिबेटी माणसे हा दिवस पाळतातच. २००९ पासून तिबेटात दीडशेहून अधिक माणसांनी स्वतःला जाळून घेतले आहे. त्यांतले दोन फोटो मी मधल्या फळ्यावर लावले. लोकांना धक्का बसायला हवा, असे वाटत होते. कॅम्पवरून आलेला एक मुलगा तिथे थांबला, बाहेर जाऊन बराच वेळ भिंतीकडे तोंड करून उभा राहिला, आणि मग आत येऊन त्याने मला एवढेच विचारले, ‘सर, यांच्या घरच्यांना विचारले होते का?’ मी दोन्ही फोटो उतरवले. त्या जागी कोरा कागद लावला आणि त्यावर त्या माणसांची नावे, वय, गाव हाताने लिहिले. दुपारनंतर लोक त्या फळ्यापुढे सर्वांत जास्त वेळ थांबत होते.

तेव्हापासून आम्ही नियम केला आहे. चेहरा घेण्याआधी विचारायचे. छापण्याआधी पुन्हा विचारायचे. तिकडे नातेवाईक असतील तर नाव, गाव, काहीच लिहायचे नाही. मोबाइलवरून कुठेही पाठवायचे नाही. हक्कांसाठी फोटो काढायचा आणि त्याच फोटोने कुणाच्या दारात पोलीस पाठवायचे, हे पाप आहे. एवढी काळजी घेतली तरी काढण्यासारखे पुष्कळ उरते. हात. चुलीवरचे मोमोंचे भांडे. लोसारला, म्हणजे तिबेटी नववर्षाला, बदललेल्या नव्या पताका. पोलीस कार्यालयात नूतनीकरणासाठी पिशवीत जपून नेलेले नोंदणी प्रमाणपत्र. कारण या देशात जन्मलेली त्यांची बहुतेक मुले आजही कागदोपत्री परदेशी आहेत. १९५० ते १ जुलै १९८७ दरम्यान भारतात जन्मलेल्यांना नागरिकत्वाचा हक्क आहे, असे दिल्ली उच्च न्यायालयाने २०१० मध्ये सांगितले. तरीही कित्येक जण अर्ज करत नाहीत. आम्ही परत जाणार आहोत, असे ते म्हणतात. त्यांच्या आजोबांनीही तेच म्हटले होते.

लेखनाचे सांगायचे तर अर्जुनी मोरगावकडे शिकायला येणाऱ्या मुलांसोबत एकदा दोन दिवस लिहायला बसलो होतो. तिबेटी मुले आणि गावातली मुले, एकत्र. विषय ‘आजीचे गाव’. तिबेटी मुलांपैकी एकानेही ते गाव पाहिलेले नाही. तरी एका मुलीने मराठीत लिहिले की तिच्या आजीच्या गावाला आपल्यासारखी बोडी नव्हती, खूप मोठा तलाव होता आणि हिवाळ्यात त्यावरून जनावरे चालत पलीकडे जात. शेजारच्या गावातल्या मुलाने ते ऐकून विचारले, जनावरे बुडत नव्हती? वर्गात हसू उठले, मग ती उठून फळ्यावर बर्फाचा थर किती जाड असतो ते काढून दाखवू लागली. तिबेटचा प्रश्न त्या मुलाच्या डोक्यात त्या क्षणी शिरला. कोणत्याही भाषणाने तो शिरला नसता. त्या मुलीचे ते पान माझ्याकडे आहे. ‘बोडी’ हा आमचा झाडीबोलीचा शब्द तिने तिबेटच्या तलावाशेजारी ठेवला, यासाठी मी तिचा ऋणी आहे.

नवेगावबांधच्या जंगलाला मारुती चितमपल्ली भेटले, म्हणून ते जंगल सगळ्या महाराष्ट्राच्या घरात पोचले. जून २०२५ मध्ये ते गेले. त्याच जंगलाच्या कडेला वसलेल्या या कॅम्पला त्यांच्याएवढ्या चिकाटीने बसणारा, वर्षानुवर्षे ऐकणारा मराठी लेखक अजून मिळायचा आहे. आणि वेळ फार उरलेला नाही. १९५९ मध्ये जे वीस वर्षांचे होते ते आज पंच्याऐंशी ओलांडलेले आहेत. ६ जुलै २०२५ रोजी दलाई लामांनी नव्वदी पूर्ण केली. त्याआधी चार दिवस त्यांनी सांगितले की ही परंपरा पुढे चालेल आणि पुढचा अवतार ओळखण्याचा अधिकार गादेन फोद्रांग न्यासालाच असेल. चीनने लगेच त्याला विरोध केला. येत्या काळात दोन दलाई लामांचे दोन फोटो जगापुढे येतील आणि कुठला खरा, असे विचारले जाईल. १९९५ च्या त्या मुलाची गोष्ट ज्यांना ठाऊक असेल त्यांनाच तेव्हा उत्तर देता येईल.

हिवाळा लागला की कॅम्पवरची बरीच घरे कुलूपबंद होतात. माणसे लुधियानाचा माल घेऊन नागपूरला, पुण्याला, आणखी कुठकुठे स्वेटरची दुकाने थाटून बसतात. आपण तिथे जातो, भाव करतो, शाल अंगावर घालून बघतो आणि निघून येतो. ‘नेपाळी बाजार’ असेही म्हणून मोकळे होतो. ती माणसे नेपाळी नसतात, आणि त्यांतली काही आमच्या भंडाऱ्याची असतात.

तेव्हा या दिवाळीनंतर, गावोगावच्या मंडया आणि झाडीपट्टीची नाटके आटोपून थंडी पडली की, एक काम करा. स्वेटरच्या दुकानात भाव ठरल्यावर दुकानदाराला विचारा, तुम्ही कुठल्या कॅम्पचे? तुमच्या घरी मोला आहेत का, पोला म्हणजे आजोबा आहेत का? ते कोणत्या गावाहून आले? सांगायची त्यांची इच्छा असेल तर घरी येऊन त्यांचे बोलणे वहीत उतरवून ठेवा, तारीख घाला. शिक्षक असाल तर १० डिसेंबरला मुलांकडून एक पान लिहून घ्या. फोटो काढायचा असेल तर आधी विचारा, आणि नको म्हणाल्या तर हातांचा काढा.